ड्रॅगन फ्रूटसाठी कोको पोल: घ्यावा की नाही?

मनीप्लांटसाठी मिळणारा कोको पोल ड्रॅगन फ्रूटच्या कुंडीतही सर्रास दिसतो. पातळ पीव्हीसी नळीवर काथ्या गुंडाळलेला हा दोन-तीन फुटी दांडा पहिलं वर्ष छान साथ देतो. काथ्या ओल धरतो, त्यामुळे वेलाची हवाई मुळं त्यात चटकन शिरतात. तीन धारांच्या खोडाची सपाट बाजू दांड्याला टेकवायची आणि सुती चिंधीने सैल बांधायची. तार नको, खोड जाडावलं की ती आत रुतते आणि तिथूनच कूज सुरू होते.

खरी अडचण पुढे येते. फळं धरायला वेल वर चढून मग खाली लोंबावा लागतो, म्हणजे आधार जमिनीपासून चार-पाच फूट हवा. वाढलेल्या फांद्या पाण्याने भरलेल्या असतात. तो भार पातळ नळी पेलत नाही, ती वाकते. काथ्याही सतत भिजून दोन-तीन वर्षांत सुटायला लागतो. तेव्हा पोल बदलू म्हणाल, तर मुळं त्यात इतकी गुंतलेली असतात की ओढताना तुटतातच. आधार लावणीच्या दिवशीच कायमचा निवडावा, तो यासाठी.

त्यापेक्षा चार इंची जाड पाइप घ्या, आत काँक्रीट भरा, बाहेरून काथ्याची दोरी घट्ट गुंडाळा. गुळगुळीत पाइपला मुळं धरत नाहीत. फांद्या टेकायला वर लोखंडी कडं बसवलंत तर त्यावर जुन्या टायरचा रबर चढवा, नाहीतर उन्हात तापून फांद्या भाजतात. कुंडी किमान 50 लिटरची, आणि पाइप पार तळापर्यंत. एवढं करूनही वाऱ्यात कलंडते, म्हणून ती भिंतीलगत ठेवा.

वेल कड्यापर्यंत पोचेतो बाजूचे सगळे फुटवे काढायचे. पोचला की शेंडा खुडायचा, मग वरून फांद्या फुटून खाली झुकतात. इथे बरेच जण हात आखडता घेतात आणि मध्येच झुडूप करून ठेवतात.

पोलसोबत निव्वळ कोकोपीटची (काथ्याच्या भुशाची) पिशवी देत असतील तर तशीच वापरू नका, पाणी साचून बुंधा मऊ पडतो. माती, कुजलेलं खत आणि जाड वाळू सारख्या प्रमाणात मिसळा.

छाटाची रोपं मोठ्या कुंडीत जाईपर्यंत सहा-आठ महिने सांभाळायची असतील, तर कोको पोल जरूर घ्या. फळांसाठी नको.