सेलामेक्टिनची छोटी ट्यूब: गिनी पिगच्या खरजेवर पक्की, कानाच्या दुखण्यावर फुकट

खोक्यावर कुत्र्याच्या नाहीतर मांजरीच्या पिल्लाचं वजन छापलेलं असतं, गिनी पिगचं नावही नसतं. तरी गिनी पिग पाळणाऱ्यांच्या औषधांच्या डब्यात सेलामेक्टिन या अंगावरचे किडे मारणाऱ्या, कातडीवर सोडायच्या औषधाची 'रिव्होल्यूशन' किंवा 'स्ट्राँगहोल्ड' नावाची ही १५ मिलिग्रॅमची ट्यूब हटकून सापडते. पशुवैद्य ती लेबलाबाहेर वापरायला देतात आणि त्यामागचा हिशेब सरळ आहे. गिनी पिगला किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम सेलामेक्टिन लागतं, पूर्ण वाढलेल्या प्राण्याचं वजन ७०० ग्रॅम ते १.२ किलोच्या आसपास असतं आणि ट्यूबमध्ये ६ टक्क्यांचं ०.२५ मि.लि. द्रावण, म्हणजे नेमके १५ मिलिग्रॅम असतात. एक किलोच्या प्राण्याला एक ट्यूब, अर्ध्या किलोच्या पिल्लाला अर्धी.

घोळ होतो तो खोकं निवडताना. लहान कुत्र्यांसाठीची ट्यूबही ०.२५ मि.लि.चीच असते, पण तिच्यातलं द्रावण १२ टक्क्यांचं, म्हणजे तेवढ्याच थेंबांत ३० मिलिग्रॅम. नुसतं 'पाव मि.लि.' लक्षात ठेवणारा माणूस नकळत दुप्पट मात्रा देतो. मोठ्या मांजरांच्या ट्यूबमध्ये द्रावण ६ टक्क्यांचंच असतं, पण ०.७५ मि.लि. असतं, म्हणजे ४५ मिलिग्रॅम. आणि नावापुढे 'प्लस' असेल तर त्यात सेलामेक्टिनच्या जोडीला सॅरोलानर हे दुसरं औषधही आहे, ते खोकं तसंच परत ठेवा. मात्रा नेहमी मिलिग्रॅममध्ये मोजायची आणि प्राण्याचं वजन त्याच दिवशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर करायचं.

ही ट्यूब खरी कामाची आहे ती खरजेवर. गिनी पिगची खरूज ट्रिक्साकेरस केव्ही या किड्यामुळे होते. तो कातडीत बोगदे करून राहतो, डोळ्यांना दिसत नाही. खांदे, पाठ, मांड्यांची आतली बाजू इथले केस जातात, कातडी जाड आणि पिवळट खपल्यांची होते आणि खाज इतकी सुटते की प्राणी स्वतःला ओरबाडून रक्तबंबाळ करतो. पाठीवर नुसता हात लावला तरी झटके येण्यापर्यंत मजल जाते. असे झटके येत असतील तर आंघोळ घालणं, खपल्या काढणं असले उद्योग करू नका. शांत, अंधाऱ्या जागी टॉवेलवर ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली तरी खोलवरचा किडा प्रत्येक वेळी सापडत नाही, म्हणून लक्षणं ठळक असतील तर पशुवैद्य नमुना कोरा आला तरी उपचार सुरू करतात.

केसांना चिकटून राहणारा कायरोडिस्कॉइड्स हा दुसरा किडा आणि चावऱ्या उवा यांच्यासाठीही बहुतेक वेळा हीच ट्यूब दिली जाते. पारदर्शक चिकटपट्टी केसांवर दाबून उचला. केसांना लटकलेले बारीक ठिपके मिळाले तर पट्टी तशीच दवाखान्यात न्या, त्यावरून निदान लवकर होतं.

आता ज्यावर ही ट्यूब चालत नाही त्याची गोष्ट. नाकाच्या शेंड्यावर, डोळ्यांभोवती किंवा कानांच्या कडेला कोंड्यासारखी खपली आणि गोलसर टक्कल सुरू झालं तर तो बहुधा नायटा असतो, म्हणजे बुरशी. सेलामेक्टिन बुरशीला काहीही करत नाही. त्याला बुरशीनाशक मलम, आणि डाग पसरले असतील तर पशुवैद्यांनी दिलेलं इट्राकोनॅझोल किंवा टर्बिनाफिन लागतं. निळ्या-जांभळ्या दिव्याखाली डाग चमकला नाही म्हणून नायटा नाही असं धरू नका. गिनी पिगमध्ये सापडणारी ट्रायकोफायटॉन जातीची बुरशी त्या दिव्याखाली चमकतच नाही. ती माणसाला लागते, विशेषतः मुलांना, तेव्हा हातमोजे घाला. मादीच्या दोन्ही कुशींवर सारख्या आकाराचं टक्कल असेल आणि खाज नसेल तर बीजांडकोशातल्या गाठींचा संशय घ्यावा. तिथे ट्यूब नाही, सोनोग्राफी कामाची.

सगळ्यात जास्त ट्यूब वाया जातात त्या कानांपायी. लेबलावर मांजरांच्या कानातल्या किड्यांचा उल्लेख आहे आणि तो वाचून लोक गिनी पिगच्या कानासाठी ही विकत घेतात. गिनी पिगच्या कानात किडे क्वचितच होतात, तेही बहुधा सशांच्या संगतीने. कानामागचा केस नसलेला गुळगुळीत पट्टा जन्मापासूनचाच असतो, तो आजार नव्हे. पाळीतला तपकिरी-काळा चिकट मळही बहुतेक वेळा नुसता मळच असतो. पशुवैद्यांनी दिलेल्या कान साफ करण्याच्या द्रावणात कापसाचा बोळा ओलसर करून बोट पोहोचेल तेवढाच भाग पुसा. कापूसकाडी आत घातली की मळ पडद्याकडे ढकलला जातो.

मान एका बाजूला कलली, प्राणी गोल फिरायला लागला, बुबुळं आडवी थरथरू लागली, तर दुखणं मध्यकर्णात किंवा त्याहून आत आहे. तिथे बहुधा जिवाणू असतात, बोर्डेटेला किंवा स्ट्रेप्टोकॉकस. अशा वेळी पाठीवर ट्यूब ओतून आठवडाभर वाट पाहणं हा गिनी पिगच्या कानाशी केलेला सगळ्यात महागडा खेळ आहे. कवटीचा एक्स-रे किंवा सीटी आणि कित्येक आठवड्यांची तोंडावाटे प्रतिजैविकं हा त्याचा मार्ग. घरात उरलेलं अमॉक्सिसिलिन किंवा क्लिंडामायसिन चुकूनही देऊ नका. त्याने आतड्यातले उपयोगी जिवाणू मरतात, घातक क्लॉस्ट्रिडियम माजतात आणि प्राणी जुलाबाने जातो. कुत्र्याचे कानातले थेंबही नकोत. त्यात जेंटामायसिन असेल आणि पडदा फाटलेला असेल तर ऐकणं जातं, स्टेरॉइड असेल तर लपलेला नायटा फोफावतो.

लावण्याची पद्धत. मानेमागे, दोन खांद्यांच्या मधोमध केस दुभागून कातडी दिसू द्या आणि थेंब थेट कातडीवर सोडा. केसांवर पडलेलं औषध वाया जातं. ओरबाडलेल्या, ओल्या जखमेवर लावू नका, द्रावणातला अल्कोहोल झोंबतो. पिल्लासाठी १ मि.लि.ची सुई नसलेली सिरिंज वापरा, तिच्यावर ०.०१ मि.लि.च्या खुणा असतात. सुकेपर्यंत एकमेकांना चाटू नये म्हणून प्राणी वेगळे ठेवा, आणि अल्कोहोल पेट घेतो म्हणून शेगडी, उदबत्ती लांब.

एकाला खरूज म्हणजे पिंजऱ्यातल्या सगळ्यांना औषध, खाजवत नसले तरी. किड्यांची अंडी या औषधाने मरत नाहीत, म्हणून २ ते ४ आठवड्यांनी पशुवैद्यांच्या सल्ल्याने दुसरी मात्रा द्यावी लागते. ती चुकवली की महिन्याभरात खाज परत येते आणि दोष औषधाला लागतो. त्याच दिवशी अंथरूण फेका, कापडी घरं गरम पाण्यात धुवा, लाकडी घर फेकलेलं बरं. खाज आठवड्याभरात उतरायला लागते, केस मात्र निवांत येतात. दोन मात्रांनंतरही ढिम्म फरक नसेल तर निदान चुकलंय. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व मिळतंय का तेही पाहा. गिनी पिगचं शरीर ते बनवत नाही आणि कमी पडलं तर कातडी भरून येत नाही.

आयव्हरमेक्टिनशी तुलना करायची तर परिणामात दोन्ही तुल्यबळ. पण १ टक्क्याच्या इंजेक्शनची मात्रा एक किलोच्या प्राण्याला ०.०२ ते ०.०४ मि.लि. भरते. दशांश चिन्ह एक घर सरकलं की दहापट, म्हणून ते घरी नको. ट्यूबमध्ये ही चूक होणं अवघड, हाच तिचा मोठा गुण. दुकानातले किड्यांवरचे 'हर्बल' माइट स्प्रे कातडीतल्या बोगद्यांपर्यंत पोहोचत नाहीत आणि चहाच्या झाडाचं तेल असलेले तर लहान प्राण्याला विषारी ठरू शकतात. फिप्रोनिल या पिसवांवरच्या औषधाचे स्प्रे सशांना मारक ठरलेत, गिनी पिगवरही नकोत.

अर्धी ट्यूब उरली तर झाकण लावून पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका, अल्कोहोल उडतो आणि उरलेलं द्रावण घट्ट होतं. घरात अर्ध्या किलोची दोन पिल्लं असतील तर दोघांना एकाच वेळी लावा, ट्यूब बरोबर संपते.