पोकरची तीन गाईडबुकं, आठ महिने आणि पॅक न करणारे मित्र

आधीच सांगतो, मी प्रो वगैरे काही नाही. डोंबिवलीत राहतो, शनिवारी रात्री कॉलेजच्या ग्रुपमधले आम्ही पाचजण कुणाच्यातरी घरी जमतो, आणि तीन पत्ती खेळून खेळून कंटाळा आला म्हणून गेल्या वर्षी पोकर सुरू केलं, म्हणजे टेक्सस होल्डेम, दोन पत्ते आपल्या हातात आणि पाच टेबलावर सगळ्यांचे. पैसे लावत नाही. प्रत्येकाला १००० च्या प्लास्टिकच्या चिप्स, ब्लाइंड (दर डावात दोघांनी पत्ते बघण्याआधीच सक्तीने भरायच्या चिप्स) ५ आणि १०, आणि शेवटी ज्याच्याकडे सगळ्यात कमी उरतील त्याने रविवारी सकाळी सगळ्यांना मिसळ चारायची. सलग पाच रविवार मीच चारली, तेव्हा म्हटलं आता अभ्यासाला बसायला हवं.

मुंबईतल्या फाउंटनच्या फूटपाथवरून तीन पुस्तकं उचलली, तिन्ही मिळून ४५० ला. तिन्ही २००४ ते २००६ मधली निघाली, आणि त्याला कारण आहे. २००३ साली ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट (आडनाव खरंच तेच आहे) ८६ डॉलरच्या ऑनलाइन स्पर्धेतून पोकरच्या वर्ल्ड सिरीजच्या मेन इव्हेंटला, म्हणजे मुख्य स्पर्धेला, पोचला आणि ८३९ लोकांतून पहिला येऊन २५ लाख डॉलर घेऊन गेला. मग काय, जो तो पोकर शिकायला लागला आणि पुस्तकांचा पूर आला, त्याच पुरातली तीन वाहत वाहत माझ्याकडे आली. लोकलमधे वाचताना शेजारचे काका एकदा कव्हरकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचे म्हणून शेवटी शाळेतल्यासारखं खाकी कव्हर घातलं.

पहिला फायदा पहिल्याच आठवड्यात झाला, तो म्हणजे भांडण मिटलं. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीने आलेले पत्ते) हा कलरपेक्षा (सगळे एकाच चिन्हाचे) मोठा, आणि पोकरमधे उलटं, कलर म्हणजे फ्लश मोठा. आमच्याकडे मंग्या दर वेळी यावरून वाद घालायचा की हे अमेरिकन लोकांनी उगाच उलटं केलंय. पुस्तकात पाच पत्त्यांचा हिशोब दिलाय, एकूण २५,९८,९६० हातांत साधे सिक्वेन्स १०,२०० आणि साधे फ्लश ५,१०८, म्हणजे फ्लश निम्म्याने दुर्मिळ. तीन पत्त्यांचं मी स्वतः कागदावर काढलं, २२,१०० हातांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६. म्हणजे दोन्हीकडे नियम एकच, जे कमी वेळा येतं ते मोठं. मंग्या गप्प बसला. दहा मिनिटंच, पण बसला.

आता गाऱ्हाणं. सगळ्या बिगिनर पुस्तकांचा पहिला धडा एकच असतो, की बहुतेक पत्ते टाकून द्या, म्हणजे पॅक करा. सोबत तक्ता असतो, कुठल्या जागेवर बसून कुठले पत्ते खेळायचे. मी तो तक्ता फोनमधे फोटो काढून ठेवला आणि एका शनिवारी इमानदारीत पाळला. ६४ डावांपैकी ७ खेळलो. बाकी वेळ चिवडा खाल्ला. आणि तरीही मिसळ माझ्याच गळ्यात! दोन आठवडे डोकं खाजवल्यावर लक्षात आलं की तो तक्ता दहाजणांच्या टेबलासाठी आहे आणि आम्ही आहोत पाच. दहाजण असतील तर दहा डावांत दोनदा ब्लाइंड भरायचा, आमच्याकडे पाच डावांत दोनदा, म्हणजे नुसतं वाट बघत बसायचं भाडं दुप्पट. त्या रात्री माझ्या जवळपास १९० चिप्स नुसत्या ब्लाइंडमधे गेल्या. पुस्तकात हे एका ओळीत आहे हो, कमी खेळाडू असतील तर जास्त हात खेळा म्हणून, पण ती ओळ तक्त्यानंतर चाळीस पानांनी येते.

दुसऱ्या पुस्तकाचा घोळ वेगळाच. ते अर्धं वाचून झाल्यावर कळलं की ते लिमिट होल्डेमचं आहे, म्हणजे जिथे किती लावायचं ते ठरलेलं असतं. आम्ही नो लिमिट खेळतो, समोरचा कधीही सगळ्या चिप्स आत ढकलू शकतो. लिमिटमधे स्वस्तात पुढचा पत्ता बघता येतो म्हणून ते पुस्तक अशा जागी बिनधास्त कॉल करायला, म्हणजे समोरच्याने लावल्या तेवढ्या भरायला सांगतं जिथे आमच्या टेबलावर पुढच्या पत्त्याला माझं दिवाळं निघायचं. तिसरं टुर्नामेंटचं होतं, ब्लाइंड वाढत जातात तेव्हा चिप्स कमी उरल्या की काय करायचं वगैरे. चांगलं आहे, पण आमचे ब्लाइंड वाढतच नाहीत. तर घेण्याआधी एवढं बघा, लिमिट की नो लिमिट, कॅश (जिथे ब्लाइंड वाढत नाहीत) की टुर्नामेंट, किती जणांचं टेबल. मागचं कव्हर हे सांगत नाही, आतली दहा पानं चाळावी लागतात.

पण ज्या एका गोष्टीसाठी ४५० वसूल झाले ती म्हणजे पॉट ऑड्स, म्हणजे किती भरून पॉटातल्या, मधल्या ढिगातल्या, किती चिप्स जिंकायच्यात याचा हिशोब. एक डाव अजून डोळ्यासमोर आहे. माझ्याकडे इस्पिकचा एक्का आणि नव्वी. टेबलावर पहिले तीन पत्ते इस्पिकचा राजा, इस्पिकची पंजी, बदामाची दुर्री. पॉटात २००. विन्याने १०० लावल्या, बाकीचे दोघं एकदाचे शहाण्यासारखे बाहेर पडले. आता मला १०० भरून ३०० जिंकायच्यात, म्हणजे चारात एकदा, २५ टक्के लागले तर बरोबरी. फ्लश व्हायला इस्पिकचे नऊ पत्ते शिल्लक. पुस्तकातला झटपट नियम असा की दोन पत्ते यायचे असतील तर चारने गुणा, एक यायचा असेल तर दोनने. नऊ चोक छत्तीस, खरा आकडा ३५ टक्के. २५ लागतात, ३५ आहेत, मी अभिमानाने कॉल केलं. पुढचा पत्ता किलवरची अठ्ठी, आणि विन्याने ४०० लावल्या. आता ४०० भरून ८०० साठी ३३ टक्के हवेत आणि माझ्याकडे आहेत नऊ दुणे अठरा, खरा आकडा १९.६. टाकले पत्ते.

घरी येऊन पुस्तक उघडलं तर पुढच्याच पानावर लिहिलेलं, चारचा नियम तेव्हाच जेव्हा दोन्ही पत्ते फुकट बघायला मिळणार, म्हणजे सगळ्या चिप्स आधीच आत गेल्यात. नाहीतर एका पत्त्याचाच हिशोब धरा, आणि तो होता १९ टक्के. तसं बघितलं तर १०० च्या बदल्यात मला साधारण ४२० मिळायला हव्या होत्या, होत्या ३००, म्हणजे फ्लश लागल्यावर विन्याकडून अजून १२० निघाल्या तरच पहिला कॉल बरोबर. आणि विन्याला ओळखतो मी, इस्पिकचे तीन पत्ते टेबलावर दिसत असले तरी तो १२० काय ३०० पण देतो. त्यामुळे कॉल बरोबर होता, कारण मात्र चुकीचं धरलं होतं. तेव्हापासून एक दोनशे पानी वही केलीय, दर शनिवारचे दोन-तीन डाव लिहितो. कुठल्याही पुस्तकापेक्षा ही वही जास्त शिकवते, पण पुस्तक नसतं तर वहीत काय लिहायचं हेच कळलं नसतं.

तीन पत्तीची एक सवय मोडायला फार जड गेली. तिथे ब्लाइंड खेळलं की निम्म्यात भागतं, पत्ते न बघण्याचं बक्षीस मिळतं, आणि पॅक केलं की सगळे भित्रा म्हणतात. पोकरमधे ब्लाइंड शब्द आहे पण त्याचा अर्थ सक्तीची वर्गणी. पॅक करणं हाच इथे निम्मा खेळ, हे हाताला कळायला तीन महिने गेले.

आणि सगळ्यात मोठी पंचाईत, ही पुस्तकं असं धरून चालतात की समोरचा कधीतरी पॅक करेल. आमच्याकडे कुणी करतच नाही. दोन एक्के २२१ डावांत एकदा येतात, आमच्या बैठकीत साठ-सत्तर डाव होतात, म्हणजे तीन-चार शनिवारांत एकदा. एकासमोर ते ८५ टक्के जिंकतात. पण चौघं कसलेही पत्ते घेऊन शेवटपर्यंत बसले तर फक्त ५६. ब्लफवरचा धडा मी दोनदा वाचला, मग एका रात्री हातात काही नसताना ३५० लावल्या, चेहरा अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा. मंग्याने पंजीची जोडी घेऊन कॉल केलं. का केलंस विचारलं तर म्हणे, बघूया तरी काय आहे. 'बघूया तरी' या माणसावर कुठल्याच पुस्तकात धडा नाही. उपाय मीच शोधला, ब्लफ बंद, आणि चांगले पत्ते आले की नेहमीच्या दुप्पट लावायचं, कारण देणारे बसलेत.

सरावाचं म्हणाल तर ऑगस्ट २०२५ मधे पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला, उरली फुकट चिप्सची अ‍ॅप्स. तिथे पहिल्या पत्त्यालाच सगळे ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स आत, शिकायला शून्य. गोव्याला गेलो तेव्हा मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर टेबल बघितलं, पण बसायला लागणारी कमीत कमी रक्कमच माझ्या ठरवलेल्या खर्चाच्या बाहेर होती, त्यामुळे तासभर मागे उभं राहून कोण कधी पॅक करतं तेवढं मोजलं. आमच्यापेक्षा खूपच जास्त करत होते.

शेवटच्या बारा शनिवारांत मिसळ मला दोनदाच पडली. आता अडचण अशी की महिन्यापूर्वी विन्या पहिलं पुस्तक घेऊन गेला, खाकी कव्हरसकट. परवा मी ३०० लावल्या तर त्याने दोन मिनिटं विचार केला, बोटांवर काहीतरी मोजलं आणि पत्ते टाकले. माझ्याकडे दुर्री आणि सत्ती होती. पुस्तक त्याने अजून परत दिलेलं नाही, मीही मागितलेलं नाही, ब्लफचा धडा मात्र दुसऱ्या पुस्तकातून परत काढलाय.