उजनीचा फुगवटा, नीरेचे बंधारे की गावचा तलाव: इंदापूर तालुक्यात गळ टाकायला कुठं जावं?

इंदापूर तालुक्याच्या एका अंगाला भीमा, दुसऱ्या अंगाला नीरा आणि नरसिंहपूरला दोघींचा संगम. मधल्या पट्ट्यात नीरा डाव्या कालव्यावर भरणारे तलाव आहेत. पण यातलं एकही पाणी आता आपल्या मर्जीनं वाहत नाही. भीमा उजनीच्या दारांवर चालते, नीरा बंधाऱ्यांच्या ढाप्यांवर (पाणी अडवायच्या फळ्यांवर) आणि तलाव कालव्याच्या आवर्तनावर, म्हणजे ठरावीक काळानं सुटणाऱ्या पाण्यावर. म्हणून ठिकाण ठरवताना आधी पाणी कितपत आहे, चढतंय की उतरतंय हे विचारावं. कुठला मासा धरायचा हा प्रश्न त्यानंतरचा.

उजनीचा फुगवटा

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण १०० किलोमीटरवर भिगवण, आणि तिथून पुढे पळसदेवकडे फुगवट्याचा, म्हणजे धरणामुळे मागे पसरलेल्या पाण्याचा, काठच काठ. धरण १९८० साली पुरं झालं. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ टीएमसीच्या आसपास मृत साठा, म्हणजे दारांच्या पातळीखालचं, एरवी न सोडलं जाणारं पाणी. ‘उजनी वजा वीस टक्के’ अशी बातमी येते तेव्हा धरण कोरडं नसतं, पाणी मृत साठ्यात उतरलेलं असतं. गळवाल्यासाठी त्याचा अर्थ एवढाच की काठ दूर सरकला आणि मधे गुडघाभर गाळ उघडा पडला. वरून वाळलेला दिसणारा हा गाळ पाय टाकला की आत ओढतो. अशा दिवसांत उतार खडकाळ किंवा मुरमाड असेल तिथूनच पाण्याशी जावं.

सगळ्यात चांगला काळ धरण भरल्यानंतरचा, सप्टेंबर ते नोव्हेंबर. उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या जमिनीवर लोक गाळपेर करतात. पाणी चढलं की ती धाटं, गवत, किडे सगळं पाण्याखाली जातं आणि मासा खायला थेट काठाशी येतो. तेव्हा लांब फेकायची गरज नसते, तीन ते पाच फूट खोली पुरते.

इथं हमखास लागते ती चिलापी. तिचं तोंड लहान असतं, म्हणून गळ ८ ते १० नंबरचा (आकडा मोठा तितका गळ लहान), तंगूस (नायलॉनचा दोर) ०.२० ते ०.२५ मिलिमीटर, वर हलकं बूच आणि गांडुळाचा बोटाच्या पेराएवढा तुकडा. अख्खं गांडूळ लावलं तर ती शेपूट तोडून नेते आणि गळ मोकळा येतो. थंडीत पहाटे जाऊन बसण्यात अर्थ नाही. ऊन चढून काठाचं पाणी कोमट झालं, म्हणजे दहानंतर, की ती खायला लागते.

कटला हवा असेल तर सगळं बदलतं. त्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं, खाणं वरच्या आणि मधल्या थरातलं. तळाला शिसं टाकून बसलात तर मृगळ मिळेल, कटला नाही. शेंगदाण्याची पेंड भाजून बारीक करायची, तेवढीच कणीक घालून घट्ट मळायची. गोळा पाण्यात दहा मिनिटं टिकून मग हळूहळू विरघळला पाहिजे. फेकताच सुटला तर कणीक कमी पडली, अर्ध्या तासानंही तसाच निघाला तर जास्त झाली. तंगूस ०.३५ ते ०.४०, गळ १ किंवा २ नंबरचा, रिळावर किमान शंभर मीटर दोर. रिळाचा ब्रेक आवळून ठेवणं ही नवख्यांची नेहमीची चूक. पाच किलोचा कटला पहिल्या धावेतच दोर तोडतो. हातानं जोरात ओढल्यावर दोर सुटत जाईल इतका ब्रेक सैल हवा.

उजनीचे तोटेही मोठे आहेत. पाण्याखाली बुडालेल्या बाभळींच्या खोडात गळ अडकतात, म्हणून जास्तीचे दहा-बारा गळ आणि शिसं जवळ ठेवावं. मासेमारांची जाळी सगळीकडे पसरलेली असतात. त्यांच्या बुचांच्या रांगेपासून दूरच फेकावं, कारण ते कुणाच्या तरी पोटाचं साधन आहे. वरच्या शहरांचं सांडपाणी याच पाण्यात येतं. उन्हाळ्यात पाणी हिरवं होऊन वास मारू लागलं की त्यातला मासा मातकट लागतो.

होडीचा विचार एप्रिल-मेच्या दुपारी करू नये. २१ मे २०२४ रोजी कळाशी आणि कुगावच्या दरम्यान वादळात होडी उलटून सहा जण बुडाले. एवढ्या उघड्या पाण्यावर वळवाचा वारा काही मिनिटांत लाटा उठवतो. जीवरक्षक जाकीट नसेल तर होडीत पाऊल टाकू नये, ऋतू कुठलाही असो.

नीरा आणि धरणाखालची भीमा

नदीवरचं काम हळू चालतं, पण माशांची विविधता आणि चव या दोन्हींत नदी वरचढ आहे, असं आमचं मत. मरळ, वाम, शिंगटा, रोहू, मृगळ, खवल्या, सगळं इथं मिळतं.

नीरेवरच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळा सरला की ढापे बसवतात आणि पुढच्या पावसाआधी काढतात. ढापे बसले की वर संथ, खोल पाणी आणि खाली गळतीचं खळाळतं पाणी असे दोन वेगळे पट्टे होतात. वरच्या बाजूला पेंडेच्या गोळ्यावर रोहू-मृगळ. खालच्या डोहात प्राणवायू जास्त आणि वाहून आलेलं खाद्यही तिथंच साचतं, त्यामुळे शिंगटा आणि वाम तिथं. प्रवाहात २० ते ३० ग्रॅम शिसं लागतं, नाहीतर आमिष काठाला येऊन पडतं.

वाम रात्री निघते आणि दगडांच्या फटीत राहते. चाहूल लागल्यावर वाट पाहिली तर ती शेपटीनं मागे फटीत शिरते आणि मग दोर तुटेपर्यंत निघत नाही. दोर ताणला की लगेच, एका लयीत ओढावी. तिच्या पाठीवर बारीक काट्यांची रांग असते, ओल्या गोणपाटानं धरावी. शिंगट्याच्या छातीच्या आणि पाठीच्या काट्यांचा दंश तासन्‌तास ठणकतो. गळ काढायला चिमटा हवाच.

मरळ गवताच्या आणि पाणवनस्पतींच्या कडेला असते. ती हवा घ्यायला वर येते, तिथं बुडबुडा दिसला की त्याच्या पुढे दोन हातांवर बेडकासारखं रबरी आमिष टाकावं. पावसाळ्यात पिल्लांचा तांबूस पुंजका पाण्यावर दिसला तर खाली आई-बाप राखण करत असतात. त्यांना धरू नये. ते गेले की ती सगळी पिल्लं बाकीच्या माशांच्या पोटात जातात.

नदीचा धोका पाण्याच्या चढउताराचा. उजनीतून किंवा वर वीर धरणातून पाणी सोडलं की काठ बुडत जातो, आणि पात्रातल्या खडकावर बसलेला माणूस अडकतो. उघड्या ढाप्याजवळ तर पाण्यात उतरूच नये, तिथली ओढ पोहणाऱ्यालाही खेचते. पाणी काळपट-तांबडं, फेसाळ असेल आणि मासे वर तोंड काढून धापा टाकत असतील, तर वर कुठंतरी मळीचं, म्हणजे साखर कारखान्याचं सांडपाणी सुटलेलं आहे. तो मासा सहज हाती येतो, पण घरी नेऊ नये.

गावचा तलाव

मुलांना घेऊन जायचं असेल तर हाच. बांबूची दहा फुटी काठी, तेवढाच दोर, बूच, कणीक. आवर्तन येऊन तलाव भरला की पुढचे आठ-दहा दिवस चांगले. मात्र बहुतेक तलाव ठेक्यानं दिलेले असतात आणि आतलं बीज कुणीतरी पैसे देऊन सोडलेलं असतं. विचारल्याशिवाय गळ टाकणं म्हणजे चोरीच.

मग जावं कुठं?

पहिल्यांदाच जाणाऱ्यानं ऑक्टोबरात उजनीच्या काठावर चिलापीपासून सुरुवात करावी. हात लगेच बसतो आणि सामान हजार-दीड हजारांत होतं. मोठा कटला हेच ध्येय असेल तरी उजनीच, पण रीळ चांगलं घ्या आणि दिवसभर रिकामं बसायची तयारी ठेवा. दोन-तीनदा गळ टाकून झालेल्यानं डिसेंबर ते फेब्रुवारी नीरेचे बंधारे धरावेत. जुलै-ऑगस्टमध्ये कुठंच जाऊ नये. रोहू, कटला, मृगळ यांचा तो विणीचा काळ, आणि नदीही तेव्हा भरवशाची नसते.

परवानगीचं तिन्हीकडे बघावं लागतं. जलाशयातल्या मासेमारीला परवाना लागतो. नदीवर आणि तलावावर स्थानिक मत्स्यव्यवसाय संस्थेला किंवा ठेकेदाराला विचारावं. सुरुंग आणि विष यांनी मासे मारायला १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे. कुणी तसं करताना दिसलं तर पोलिसांना कळवा.

गळाला अंगावर खडबडीत कवच आणि खाली चोषकासारखं तोंड असलेला काळा सकर मासा लागला, तर तो पुन्हा पाण्यात सोडू नका. दक्षिण अमेरिकेतून शोभेसाठी आलेला हा मासा उजनीत पसरला आहे आणि मासेमारांची जाळी फाडतो. काठापासून दूर खड्डा करून पुरावा.