‘सॉरी म्हण’ की ‘काय झालं ते सांग’?

मधल्या सुट्टीत चौथीतल्या दोघांची कंपासपेटीवरून जुंपली. पहिला मार्ग ओळखीचा: कान धरून उभं करायचं, “सॉरी म्हण!” 2 मिनिटांत मिटतं. पण ते सॉरी जमिनीकडे बघत पुटपुटलेलं. खरा हिशेब शाळा सुटल्यावर फाटकापाशी चुकता होतो. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या (2009) कलम 17 नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई आहे.

दुसरा मार्ग: समोरासमोर बसवून एकेकाला बोलू द्यायचं, मध्ये तोडायचं नाही. “तू चोर आहेस”ऐवजी “न विचारता घेतलीस, मला राग आला.” यात अख्खी सुट्टी जाते, बाईंचा डबा तसाच राहतो. तरी मी दुसराच निवडेन. हातघाई चालू असेल तर मात्र आधी सोडवा, बोलणं नंतर.