48 मि.मी. नटची इलेक्ट्रिक गिटार: आठ महिन्यांच्या वापरानंतर

मोठ्या हातांच्या, जाड बोटांच्या माणसाला रुंद नेकची गिटार कशी पडते, त्याबद्दल हे. आधी मापं. सहा तारा, स्केल म्हणजे नट ते ब्रिज तारेची लांबी 648 मि.मी. (25.5 इंच), नटपाशी (हेडस्टॉककडची खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा नेकवर येतात) नेकची रुंदी 48 मि.मी., 21व्या म्हणजे शेवटच्या फ्रेटपाशी (फ्रेट म्हणजे नेकवरची धातूची आडवी पट्टी) 56. फ्रेटबोर्डच्या गोलाईची त्रिज्या 12 इंच, पहिल्या फ्रेटपाशी नेकची जाडी 22.5 मि.मी. नेक बोल्टने बसवलेला, ब्रिज सहा सॅडलचा (तार टेकते ते छोटे तुकडे) जुन्या पद्धतीचा, त्यावर जाड आणि बारीक, दोन्ही ई तारांमधलं अंतर 56.4 मि.मी. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढचा सगळा घोळ त्याच्यामुळे झाला.

बहुतेक इलेक्ट्रिक गिटारचा नट 42 ते 43 मि.मी. असतो. साठच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या काही गिब्सन तर जेमतेम 39.7च्या होत्या. उलट 2015च्या गिब्सनवर नट 45.6चा होता. स्टील तारांच्या अकूस्टिकवर साधारण 44.5, क्लासिकलवर 52. म्हणजे 48 हे इलेक्ट्रिकच्या हिशेबाने बरंच रुंद, बिग लूच्या गिटार किंवा वॉरमॉथ कंपनीचा 'सुपर वाइड' नेक (1 7/8 इंच, म्हणजे 47.6) जिथे आहेत तिथलंच.

पण लाकडाची रुंदी पाहून फसू नका. बोटांना लागते ती तारांमधली जागा. 42च्या नटवर दोन ई तारांच्या मध्यांमधलं अंतर साधारण 35 मि.मी. असतं, 10–46च्या (जाडी 0.010 ते 0.046 इंच) तारांच्या सेटमध्ये तारांची जाडी वजा केली की शेजारच्या दोन तारांमध्ये 6.4 मि.मी. मोकळे उरतात. या गिटारवर ई ते ई 40.5 आहे, मोकळी जागा 7.5. जेमतेम एक मिलिमीटरचा फरक. ऐकायला किरकोळ वाटतो, पण ओपन सी कॉर्ड (काही तारा न दाबता मोकळ्या वाजवायचा) धरताना अनामिका आणि मधल्या बोटाखाली शेजारची तार दबते की वाजते हे तेवढ्यानेच ठरतं. लाकूड 48 ठेवून खाचा मात्र ई ते ई 36वर कापलेल्या गिटारही मिळतात. त्यात कडा मोकळ्या मिळतात, तारांमधली जागा जुनीच राहते.

मोठ्या हातांची अडचण लांब बोटांची नसते, जाड टोकांची असते. लांब बोटं उलट सोयीचीच. ओपन ए मध्ये तीन बोटं दुसऱ्या फ्रेटमध्ये कोंबावी लागतात, आणि 648च्या स्केलवर त्या फ्रेटची लांबी 34.3 मि.मी. आहे. 628च्या छोट्या स्केलवर ती 33.3 होते. त्यामुळे जाड बोटांच्या माणसाने रुंद नेकबरोबर छोटं स्केल घेऊ नये. एका बाजूने मिळवलेलं दुसऱ्या बाजूने जातं. विसाव्या फ्रेटच्या पुढे तर कुठलीच गिटार मोठी नसते, तिथे दोन फ्रेटमध्ये साडेअकरा मि.मी.च उरतात.

ओपन कॉर्ड स्वच्छ होतात हे पहिल्या दिवसापासून जाणवतं. बार कॉर्डना (तर्जनी आडवी ठेवून सगळ्या तारा दाबायचे) थोडे दिवस द्यावे लागतात, कारण तर्जनीला पाच-साडेपाच मि.मी. जास्त झाकावे लागतात. अंगठा वरून आणून जाड ई दाबणाऱ्यांना मात्र ही रुंदी अडते, मोठा हात असला तरी. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: अरुंद नेकवर जाड बोटं शेजारच्या तारा आपोआप गप्प ठेवतात. इथे ती फुकटची सोय जाते. डिस्टॉर्शन लावलं की बी आणि जी तारा उगाच गुणगुणायला लागतात. तर्जनीचं टोक मुद्दाम शेजारच्या तारेला टेकवायची सवय लागायला दोन-तीन आठवडे धरा.

आता ब्रिजवरचा तो 56.4. नट रुंद केला, ब्रिज तसाच ठेवला, नेकचं टोकही 56च, तर शेवटच्या फ्रेटपाशी ई ते ई 51.7 होतं आणि दोन्ही कडांना जेमतेम 2.1 मि.मी. उरतात. पंधराव्या फ्रेटच्या पुढे व्हायब्रॅटो देताना बारीक ई फ्रेटच्या उतरत्या टोकावरून सरळ घसरते. हा बनवणाऱ्याचा आळस आहे, रुंद नेकचा दोष नाही. पहिला उपाय फुकटचा: तारा सैल करून बोल्ट अर्धा फेरा ढिले करा, नेक हळूच सरकवून दोन्ही कडा सारख्या करा, बोल्ट पुन्हा आवळा. एक बाजू 1.5 आणि दुसरी 2.7 असेल तर एवढ्याने निम्मं काम होतं. उरलेलं ब्रिज बदलल्याशिवाय होत नाही. 10.5 मि.मी. रुंदीचे सॅडल (ई ते ई 52.4) लावले की कडेला 3.6 मि.मी. मिळतात आणि घसरणं थांबतं. नुसते अरुंद सॅडल ब्रिजच्या जुन्या पट्टीवर बसवू नका. मागच्या स्क्रूंची भोकं 11.3 मि.मी.च्या अंतरावर असतात, त्यामुळे कडेचे सॅडल तिरके ओढले जातात. बॉडीत जाणाऱ्या सहा स्क्रूंचं अंतर जुनंच पण सॅडल अरुंद, असा पूर्ण ब्रिज मिळतो. घेण्याआधी बॉडीवरची भोकं कॅलिपरने मोजा.

सात तारांची गिटार घेऊन एक तार काढून टाकायची युक्ती बरेच जण सुचवतात. नटची रुंदी तिथेही 48 असते, पण खाचा 7 मि.मी.च्या आसपासच. तार काढली तरी उरलेल्या सहा तितक्याच जवळ राहतात, वर नेक एका बाजूला रिकामा. नवा नट कापला तरी ब्रिजवरचे सात सॅडल सहा तारांशी जुळत नाहीत.

नटचा दुसरा त्रास: तयार खाचांचे नट 42–43चे मिळतात, 48ला कोरा हाडाचा तुकडाच लागतो. क्लासिकलचा 52चा तुकडा चालतो, पण तो जाड असतो. सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून नेकवर नट बसतो त्या खाचेच्या जाडीला आणावा लागतो. खाचा तारांच्या मध्यांवर सारख्या अंतराने न आखता मोकळी जागा सारखी ठेवून आखा, नाहीतर जाड तारा एकमेकींना चिकटल्यासारख्या वाटतात. खोली किती? तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटवर कागद सरकेल एवढीच फट. खाच जास्त खोल गेली तर हाडाचा भुसा आणि सुपरग्लू भरून पुन्हा कापा. एखादी तार ट्यून करताना 'टिक' करत असेल तर तिच्या खाचेत पेन्सिलीचं शिसं घासा.

सेटिंग: सगळ्यात बारीक ई आणि जाड ई, दोन्हीखाली रिलीफ (नेकचा थोडा बाक) वेगवेगळा मोजा, कारण रुंद नेकमध्ये थोडा पीळ असला तरी ॲक्शनमध्ये (फ्रेटपासून तारेची उंची) लगेच दिसतो. आठव्या फ्रेटवर रिलीफ 0.2 मि.मी., बाराव्यावर ॲक्शन बारीक ईला 1.6 आणि जाड ईला 1.9, हे टिकलं. ट्रस रॉड (नेकचा बाक ठरवणारी आतली सळई) एका वेळी पाव फेरा, मग थोडा वेळ थांबा.

जाडी 22.5 योग्य आहे. 19–20ची सपाट नेक रुंदीबरोबर आली की अंगठ्याच्या बुडाला टेकायला काही नसतं आणि अर्ध्या तासात तळवा भरून येतो. नेक थोडी जड असल्याने पट्टा गुळगुळीत असेल तर हेडस्टॉक खाली झुकतो; आतून सुएडचा पट्टा लावला की प्रश्न संपतो.

कॅपो (नेकवर लावून सगळ्या तारा दाबणारा चिमटा) घेताना रबराची लांबी किमान 48 मि.मी. आहे का ते पाहा. क्लासिकलचा कॅपो रुंद असतो खरा, पण तो सपाट. 12 इंचाच्या गोलाईवर तो मधल्याच तारा दाबतो आणि दोन्ही ई तारा झणझणत राहतात.