एक्स-कार्ड, रेघ-पडदा की चेकलिस्ट? टेबलटॉप आरपीजीच्या ग्रुपसाठी काय निवडावं

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक पात्र होऊन, मिळून गोष्ट रचण्याचा खेळ. आमच्या टेबलावर एक्स-कार्ड होतं, खेळातलं काही नकोसं झालं की उचलायचं. इंडेक्स कार्डावर जाड मार्करने काढलेली फुली, डाइस ट्रेच्या शेजारी, सगळ्यांच्या हाताला येईल अशी. मी जीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी गेम मास्टर, होते. सीनमध्ये पूर आलेला, पूल तुटलेला आणि एका प्लेअरच्या कॅरेक्टरचा धाकटा भाऊ पाण्यात. मी वर्णनात चांगलीच रंगले होते. तो प्लेअर हळूहळू बोलायचा थांबला. समोरचे सहा बाजूंचे डाइस एकावर एक रचायला लागला. चार रचले, पाडले, परत रचले. कार्ड त्याच्यापासून वीतभर अंतरावर होतं, पण त्याने हात लावला नाही. पुढच्या सेशनला तो आला नाही, त्याच्या पुढच्यालाही नाही. त्याच्या घरी असंच काही घडून गेलं होतं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

कार्ड होतं, नियम सांगितलेला होता, तरी उपयोग झाला नाही. तेव्हापासून कुणी विचारलं की "नवा ग्रुप जमवतोय, कुठलं सेफ्टी टूल घेऊ?" (म्हणजे खेळताना कुणाला त्रास होऊ नये म्हणून ठरवलेली पद्धत) तर मी उलट विचारते: या टूलमध्ये बोलायची वेळ कुणावर येते, आणि कधी येते? सगळी टूल्स मी आता याच एका मापाने तोलते.

एक्स-कार्डापासून सुरुवात करू, कारण बहुतेक जण तिथूनच करतात. जॉन स्टॅव्ह्रोपोलोस यांचं हे टूल. कुणालाही कुठलीही गोष्ट नकोशी झाली की कार्ड उचलायचं किंवा त्यावर टिचकी मारायची. ती गोष्ट खेळातून काढून टाकली जाते आणि कारण विचारलं जात नाही. समजावून सांगायला मिनिटभरसुद्धा लागत नाही, आधी काही ठरवावं लागत नाही. आरपीजीत पुढच्या दहा मिनिटांत काय होईल हे जीएमलाही ठाऊक नसतं, त्यामुळे आयत्या वेळी चालणारं काहीतरी हाताशी लागतंच. कन्व्हेन्शनमध्ये, म्हणजे गेमर्सच्या मेळाव्यात, चार अनोळखी लोकांबरोबर तीन तासांचा वन-शॉट, म्हणजे एकाच बैठकीत संपणारा खेळ, खेळायचा असेल तर याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही.

पण माझं माप लावून बघा. बोलायची वेळ कुणावर येते? ज्याला त्रास होतोय त्याच्यावर. कधी? नेमक्या त्याच क्षणी, चार-पाच जण बघत असताना. माणूस गोठून जातो तेव्हा हात पुढे करणं हेच त्याला सगळ्यात जड जातं. त्यात एक व्यावहारिक अडचण. टिचकी पडली, पण काढायचं काय? पूर, भाऊ, की माझ्या वर्णनाचा सूर? "का" सांगायची गरज नाही हे खरं, पण "काय" हे कधी कधी सांगावंच लागतं, आणि ते आधी कुणी सांगत नाही. स्टॅव्ह्रोपोलोस यांनी कार्डाची ओळख करून देण्याचा जो मजकूर सुचवलाय, त्यात ओळख करून देणारा म्हणतो की कार्ड वापरलंच तर बहुधा मीच वापरतो, स्वतःसाठी. ही ओळ लोक सर्रास गाळतात. खरं तर सगळी मेख तिथेच आहे. जीएमने आधी वापरलं नाही तर ते कार्ड टेबलावर शोभेला राहतं. माझंही तसंच झालं होतं.

रेघ आणि पडदा, म्हणजे लाइन्स आणि व्हेल्स, ही कल्पना एक्स-कार्डापेक्षा जुनी आहे. ती रॉन एडवर्ड्स यांच्या 'सॉर्सरर' या गेमच्या एका पुरवणीतून आली. रेघ म्हणजे ही गोष्ट आपल्या खेळात येणारच नाही. पडदा म्हणजे ती कथेत घडू शकते, पण पडद्याआड. तुरुंगात कैद्याचा छळ झाला हे सगळ्यांना कळेल, पण कॅमेरा दाराबाहेर थांबेल आणि पुढचा सीन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडेल. कागदावर दोन रकाने, सेशन झिरोला, म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधी सगळं ठरवायच्या बैठकीला, अर्धा तास, एवढंच.

इथे बोलायची वेळ प्रत्येकावर येते, पण शांत डोक्याने, खेळ सुरू व्हायच्या आधी. हा फरक फार मोठा आहे. शिवाय पडदा हा प्रकार मला मनापासून आवडतो, कारण त्यात "सगळं चालेल" आणि "काहीच नको" यांच्या मधली जागा मिळते. अवघड विषय खेळायचेत, पण प्रत्येक जखमेचं वर्णन ऐकायचं नाही, अशी बहुतेक माणसं असतात. उणीव एवढीच की माणसाला स्वतःच्या रेघा आधी माहीत असाव्या लागतात. आमच्या त्या प्लेअरने सेशन झिरोला "लहान मुलं आणि पाणी" असं लिहिलं असतं का? मला शंका आहे. आणि सगळ्यांसमोर मोठ्याने रेघ सांगायची म्हटलं तर लोक कोळी आणि साप सांगतात. खरी गोष्ट पोटातच राहते.

चेकलिस्ट नेमकी ही अडचण सोडवू बघते. सगळ्यात चर्चेत राहिलेली चेकलिस्ट 2019 मध्ये आलेल्या 'कन्सेंट इन गेमिंग' या फुकट पीडीएफमधली, मॉन्टे कुक गेम्सने काढलेली. भयपटातल्या गोष्टी, नातेसंबंध, सामाजिक प्रश्न, शारीरिक आणि मानसिक आरोग्य, असे गट. प्रत्येक गोष्टीपुढे हिरवा, पिवळा आणि लाल असे पर्याय. आपण खुणा करायच्या आणि कागद जीएमला द्यायचा. ती आली तेव्हा "खेळायला बसलोय की विम्याचा फॉर्म भरायला?" अशा सुराची टीका भरपूर झाली. टीकेत तथ्य अगदीच नव्हतं असं नाही. फॉर्म दिसतोच तसा.

तरी मी वापरते. ज्याला तोंड उघडायचं नाही त्याला फक्त एका चौकोनात खूण करायची असते, तीही एकट्याने, घरी बसून. बोलायची वेळ जवळजवळ कुणावरच येत नाही. जीएमने मग सगळ्यांच्या लाल खुणा एकत्र करून एकच यादी वाचायची, कुणाची कुठली हे न सांगता. फक्त चार प्लेअर असतील आणि त्यातले तिघे एकमेकांना शाळेपासून ओळखत असतील, तर कुणाची खूण कुठली हे लपून राहत नाही, हे धरून चाला. दुसरा धोका जास्त गंभीर आहे. यादीत नाही ते सगळं चालतं, असा समज होतो. यादी कितीही लांब केली तरी तिच्यात प्रत्येकाचं आयुष्य मावत नाही. म्हणून मी खाली दोन रिकाम्या ओळी ठेवते आणि "आणखी काही असेल तर, कारण न देता" एवढंच लिहिते. उपयोगाचं बहुतेक सगळं मला त्या दोन ओळींतच मिळालंय.

थोडक्यात सांगण्यासारखी आणखी काही टूल्स आहेत.

स्क्रिप्ट चेंज हे बो शेल्डन यांचं. रिमोटच्या बटणांसारखे शब्द: रिवाइंड, पॉज, फास्ट फॉरवर्ड. एक्स-कार्डात "काढा" एवढंच म्हणता येतं. इथे "थोडं मागे जाऊ", "जरा थांबू", "हा भाग पटकन पुढे नेऊ" असंही म्हणता येतं. हॉरर खेळणाऱ्यांनी हेच घ्यावं असं माझं मत आहे. हॉररमध्ये अस्वस्थ व्हायलाच आलेलो असतो आपण. तिथे प्रत्येक वेळी पूर्ण थांबायचं नसतं, आवाज थोडा कमी करायचा असतो. बोलायची वेळ इथेही त्रास होणाऱ्यावरच येते, पण शब्द हलके आहेत. "फास्ट फॉरवर्ड" म्हणताना माणूस आपली जखम दाखवत नाही, एडिटिंगची सूचना केल्यासारखं वाटतं.

ओपन डोअर म्हणजे कुणीही, कधीही, कारण न सांगता उठून जाऊ शकतो. ही पद्धत लार्पमधून, म्हणजे पात्र होऊन प्रत्यक्ष वावरत खेळायच्या खेळातून आली. याबद्दल तुलना कसली करायची? दार उघडं असलंच पाहिजे. पण फक्त यावर भिस्त ठेवणारे ग्रुप मला पटत नाहीत, कारण त्यात दुखावलेला माणूस बाहेर जातो आणि दुखावणारा सीन आत चालू राहतो.

आणि हाताची खूण, ओके चेक-इन. हीसुद्धा लार्पकडून उसनी घेतलेली. तर्जनी आणि अंगठ्याचा गोल करून मी समोरच्याला विचारते, ठीक आहेस ना? त्याने अंगठा वर केला तर खेळ चालू. तळवा आडवा धरला किंवा अंगठा खाली केला तर थांबायचं आणि बाजूला जाऊन बोलायचं. "बरंय तसं" हे उत्तर "नाही" असंच धरायचं, हा यातला सगळ्यात शहाणा नियम. आता माझं माप लावा. विचारायची वेळ त्रास होणाऱ्यावर येत नाही, बघणाऱ्यावर येते. त्या रात्री चार डाइस रचले जात होते तेव्हा टेबलावरच्या कुणालाही ही खूण करता आली असती. ते मला दिसत होतं, पण मी वर्णन पूर्ण करत बसले. टेबलटॉपवाले या टूलकडे फारसं बघत नाहीत, ही माझी खरी तक्रार आहे.

ऑनलाइन खेळत असाल तर चेहरे धड दिसत नाहीत, कॅमेरे बंद असतात. तिथे ही खूण निकामी. चॅटमध्ये नुसतं "एक्स" टाइप करणं, किंवा जीएमला खाजगी मेसेज, हे मात्र प्रत्यक्षापेक्षा सोपं जातं. कुणी बघत नसतं.

एक गोष्ट वेगळी काढून सांगते, कारण लोक ती या टूल्समध्ये मिसळतात. नकोसा विषय आणि नकोसं वागणं या दोन निराळ्या गोष्टी. एखादा प्लेअर दुसऱ्याच्या कॅरेक्टरला सारखा लुटतोय, नको म्हटल्यावरही कॅरेक्टरच्या आडून फ्लर्ट करतोय, कुणाच्या बोलण्याची नक्कल करतोय, आणि वर "माझं कॅरेक्टर असंच वागेल" म्हणतोय. यावर कार्ड वापरू नका. ते कॅरेक्टर त्यानेच लिहिलंय, त्याचे निर्णय तोच घेतो. कार्ड दाखवलं तर हा सीन जाईल, पुढचा तसाच येईल. इथे जीएमने खेळाबाहेर, एकट्याला गाठून, स्पष्ट बोलायचं. नाही सुधारला तर खुर्ची रिकामी करायची. टूल्स चांगल्या मनाच्या माणसांच्या चुकांसाठी असतात.

नियमांच्या पुस्तकांनीही हे विषय मनावर घेतलेत. डंजन्स अँड ड्रॅगन्स या आरपीजीच्या 2020 च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये सेशन झिरो आणि मर्यादा ठरवणं यावर स्वतंत्र भाग आहे. 2024 च्या नियमावलीत कॅरेक्टरची जमात सांगणारा "रेस" हा शब्द जाऊन "स्पीशीज" आला. शब्द बदलल्याने टेबलावरचा सीन आपोआप बदलत नाही, पण "जन्मतःच दुष्ट जमात" असला मसाला वापरताना जीएम आता दोनदा विचार करतो, हेही थोडकं नाही.

आता निवड. अनोळखी लोक, एकच सेशन: एक्स-कार्ड, आणि सुरुवातीलाच दोन वाक्यांत काय काय येणार आहे ते सांगा. लांब कॅम्पेन (म्हणजे अनेक सेशन चालणारी एकच गोष्ट), नवा ग्रुप: आधी घरी चेकलिस्ट, मग सेशन झिरोला त्यावरून रेघ-पडदा, आणि टेबलावर ओके चेक-इन. त्यातली एकच गोष्ट जमणार असेल तर रेघ-पडदा घ्या. हॉरर: स्क्रिप्ट चेंज.

सगळ्यात अवघड ग्रुप जुन्या मित्रांचा. "आपल्यात कशाला हे सगळं?" म्हणतात. दहा वर्षांची ओळख असली तरी गेल्या वर्षी कुणाच्या घरी काय झालं हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत असतंच असं नाही. तिथे मी फॉर्म काढत नाही. सेशन संपताना प्रत्येकाने एक आवडलेली गोष्ट आणि एक पुढच्या वेळी हवी असलेली गोष्ट सांगायची, एवढंच करते. स्टार्स अँड विशेस म्हणतात याला. "पुढच्या वेळी थोडी कमी रक्ताळलेली लढाई हवी" अशा रूपात तक्रार येते आणि कुणाचा चेहरा पडत नाही.

"मग खेळ मिळमिळीत होतो" हा आक्षेप मी ऐकते, पण माझा अनुभव उलटा आहे. रेघा माहीत असल्या की उरलेल्या मैदानात मी बिनधास्त धावते. रेघा माहीत नसताना मी प्रत्येक सीन चाचपडत खेळवायचे, किंवा न चाचपडता खेळवायचे आणि मग कुणीतरी डाइस रचत बसायचा.

सध्याच्या कॅम्पेनच्या पहिल्याच सेशनला मी ठरवून कार्ड स्वतः उचललं. एका प्लेअरने विषबाधेचं वर्णन सुरू केलं होतं, मला ते जेवणाआधी ऐकायचं नव्हतं. "हे नको" म्हटलं, त्याने "बरं, बेशुद्ध पडतो" म्हटलं, झालं. तासाभराने तळघरात मी उंदरांचा लोंढा सोडला. डाव्या बाजूला बसलेल्या, जेमतेम दुसऱ्यांदा भेटलेल्या मुलीने मान खाली घालूनच कार्डावर बोट टेकवलं.

"काय काढू?" मी विचारलं.

"शेपट्या."

उंदरांचे खेकडे झाले. मग त्या खेकड्यांना हिट पॉइंट, म्हणजे किती मार खाऊन ते मरणार याचे आकडे, किती द्यायचे यावर आम्ही वीस मिनिटं भांडलो.