अरविंद गुप्तांची साइट आणि आमची न फिरणारी मोटर

एका महागड्या शिकवणीच्या अ‍ॅपवाल्यांच्या फोनना कंटाळून लेकीसाठी खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांची ‘टाकाऊतून खेळणी’वाली साइट उघडली. सगळं फुकट, मराठी पुस्तकंसुद्धा. मांडणी अगदी साधी, पण आम्हाला कुठे रुखवत मांडायचाय?

रविवारी सेल, चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि तांब्याची तार घेऊन मोटर केली. फिरेचना! मी शहाणपणा करून तारेच्या टोकांचं इनॅमल (वीज अडवणारा लेप) चहूबाजूंनी खरवडलं होतं. लेकीने चित्र पुन्हा पाहिलं. “बाबा, एक बाजू तशीच ठेवायची!” नवी तार घेतली, बोटाने टिचकी मारली आणि वेटोळं भिरभिरलं. (अर्ध्या फेरीत प्रवाह तुटतो, म्हणून वेटोळ्याला उलट्या दिशेने धक्का बसत नाही. हे मला चाळिशीत कळलं.)

घरातल्या सेफ्टी पिना मात्र आता सापडत नाहीत.